शिकागोहून लिंकनचं घर बघायला जाताय? मग हे वाचा

आईबाबा भारतातून शिकागोला आलेत आणि तेच ते मॉल दाखवून झालेत, तर एक अख्खा दिवस काढा आणि इलिनॉय राज्यातल्याच स्प्रिंगफील्डला, लिंकनच्या घरी, जाऊन या. गाडीने साडेतीन तास धरा, ट्रेनही जाते. लिंकननी आयुष्यात स्वतःच्या मालकीचं घर एकच घेतलं, ते हे, १८४४ मध्ये, आणि १८६१ ला प्रेसिडेंट म्हणून वॉशिंग्टनला जाईपर्यंत ते इथेच राहिले.

थेट घराच्या दारात जाऊ नका, आधी सातव्या स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये तिकीट घ्या. तिकीट फुकट आहे पण त्यावर वेळ असते, म्हणून उन्हाळ्यात सकाळीच पोचलेलं बरं. पार्किंगचे पैसे पडतात. निघायच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर टूर चालू आहेत ना तेवढं बघून घ्या. आणि फुकट का, तर लिंकनचा मोठा मुलगा रॉबर्ट याने १८८७ मध्ये घर राज्याला देताना अटच घातली होती की नीट सांभाळा आणि बघायला येणाऱ्याकडून पैसे घेऊ नका, ती अट अजून पाळतात, मला तर याचंच फार अप्रूप वाटतं.

आत रेंजर, म्हणजे पार्क सर्व्हिसचे कर्मचारी, घेऊन जातात, टूर छोटी असते, म्हणून काय बघायचं ते डोक्यात ठेवून जा. जिन्याचा कठडा मूळचा आहे, लिंकन रोज ज्याला धरून वरखाली करायचे तोच, त्यावर हात ठेवा आणि सावकाश चढा, घाई करू नका. वर त्यांच्या खोलीतलं लिहायचं छोटं टेबल बघा. त्यांचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा एडी १८५० मध्ये याच घरात वारला, हे माहीत असलं की खोल्या वेगळ्याच दिसतात. गुडघे दुखत असतील तर जिन्याचं रेंजरना आधीच सांगा.

आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर लावलेलं ते मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र आईबाबा इथे नक्की शोधतील, तर त्यांना आधीच सांगून ठेवा, ते लिंकननीच लिहिलं याचा पुरावा सापडलेला नाही.

टूर झाली की लगेच गाडीत बसू नका. आजूबाजूचे चार ब्लॉक त्या काळासारखेच ठेवलेत, लाकडी फळ्यांचे फुटपाथ, शेजाऱ्यांची घरं, आणि गाड्यांना बंदी, त्यामुळे निवांत चालता येतं. मग ओक रिज दफनभूमीतली लिंकनची समाधी, तिथे लिंकन, बायको मेरी आणि तीन मुलं आहेत, घर देणारा रॉबर्ट मात्र लांब, वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत. समाधी संध्याकाळी बंद होते, जेवण त्या हिशोबाने उरका.