तोंड वाकडं झालं? या चुका टाळा

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एकाच कोपऱ्यातून गळतं. आरशात बघावं तर एक डोळा मिटत नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, "वारं लागलंय, तेल चोळ, शेक दे, होईल बरं." आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

आधी एक गोष्ट बघा. ओठ वाकडा आहे, पण कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात? हात-पाय लुळा वाटतो, बोलणं अडखळतं? मग तो मेंदूचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. शंका असली तरी करा.

आठ्याही एकाच बाजूच्या गेल्या असतील तर बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद वाटेतून येते. तिथं ती सुजते आणि दबते. सूज उतरवायला स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात, त्याही पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात. स्कॉटलंडमधल्या २००७ सालच्या अभ्यासात नऊ महिन्यांनी गोळ्या घेतलेले ९४ टक्के पूर्ण बरे झाले, न घेतलेले ८२ टक्के. बहुतेक जण आपोआप बरे होतात हे खरंच, म्हणून तर मालिशवाल्याला श्रेय मिळतं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना सांगा आणि साखर तपासत राहा. पण साखर वाढेल या भीतीनं गोळ्या मध्येच सोडू नका. कानात फोड आणि ठणका असेल तर ती नागीण असू शकते, तिला विषाणूविरोधी औषधही लागतं.

डोळ्याकडे दुर्लक्ष ही मला सर्वांत वाईट चूक वाटते. चेहरा सुधारेल, पण कोरड्या पडलेल्या बुबुळाला जखम झाली तर नजर जाऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून टेप. डोळा लाल झाला, दुखू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

फुगे फुगवणं, सतत च्युइंगम चघळणं, जोर लावून तोंड वेडंवाकडं करणं नको. नस परत जुळताना कधी कधी चुकीच्या स्नायूंना जोडली जाते, मग हसताना डोळा मिटतो. व्यायाम हवा तो आरशासमोर, हळू, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला.

तीन महिन्यांत काहीच हालचाल आली नाही तर "आता असंच राहणार" म्हणून घरी बसू नका. चुकीच्या ओढीवर बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, मिटत नसलेल्या पापणीत सोन्याचं छोटं वजन बसवता येतं, मांडीतला स्नायू गालात बसवून हसू परत आणता येतं. नस जोडण्याच्या शस्त्रक्रियेला मात्र मुदत असते: साधारण दीड-दोन वर्षांत चेहऱ्याचे स्नायू सुकतात.