केळीच्या ट्रॉलीचे टायर फुटायचे थांबले

मे महिन्यात सावद्याच्या रस्त्यावर भरलेली ट्रॉली अडकली की जीव कासावीस होतो, केळी उन्हात काळी पडायला लागते. दोन हंगामांत माझे तीन टायर फुटले. मी उन्हालाच दोष देत होतो. तिसऱ्या वेळी पंक्चरवाल्या चाचांनी टायर उघडून आतून हात फिरवायला लावला. साइडवॉलचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचे, धागे सुटून काळा भुगा झाला होता. "भाऊ, कमी हवेवर वजन ओढलं तुम्ही." हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते, आतून तापते आणि शेवटी फाटते. ऊन त्यात भर घालतं.

आता पहाटे, चाकं गार असताना गेजने हवा बघतो. दुपारी गरम टायरमध्ये ती वाढलेली दिसते. ती अजिबात काढू नका, काढली तर गार झाल्यावर टायर पुन्हा कमी हवेवर बसतो.

टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात. २३१८ म्हणजे २०१८ चा २३वा आठवडा. माझ्या जुन्या टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूला भेगा, नख आत जाईल एवढ्या. ते बदललेच. हंगाम संपला की रिकामी ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून ठेवतो, चाकांवर गोणपाट टाकतो. यंदा एकही टायर फुटला नाही.