वाचकांच्या आधारावर लिहिताय? पैशांच्या या चुका टाळा

मुंबईत मराठीत लिहून पोट भरायचं तर चार ठिकाणी हात मारावे लागतात. दिवाळी अंकाचं मानधन संक्रांत उलटल्यावर येतं, आलं तर. मालिकेचे संवाद लिहावेत तर टीआरपी घसरला की मालिकाच बंद. अशात गेल्या काही वर्षांत वाचकांनी थेट लेखकाला पैसे देण्याची पद्धत बरीच रुळली आहे. महिन्याला पन्नास, शंभर, क्वचित पाचशे रुपये. कुणी यूपीआयने देतं, कुणी रेझरपे किंवा इन्स्टामोजोच्या पानावरून, परदेशातले वाचक पेट्रिऑन किंवा को-फीवरून.

हे आपल्याकडे तसं नवीन नाही. मनीऑर्डरने येणारी वार्षिक वर्गणी, पुस्तकाची प्रकाशनपूर्व सवलत योजना हे सगळं मराठी वाचकाने केलेलं आहे. ग्रंथालीच्या वाचक चळवळीने १९७० च्या दशकात वाचक-सभासदांच्या बळावर पुस्तकं काढली. पण तेव्हा हिशोबाची वही संपादकाकडे किंवा प्रकाशकाकडे असायची. आता ती लेखकाच्या गळ्यात आहे, आणि मी पाहिलेले बहुतेक घोळ त्या वहीतलेच आहेत.

चांगला महिना धरून घर मांडणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते. समजा तुमचे १६० वाचक आहेत आणि सरासरी १२५ रुपये देतात. म्हणजे महिन्याला २०,०००. दिवाळीत लोकांच्या हातात बोनस असतो, तुमचा एखादा लेख गाजतो, आकडा २८,००० वर जातो. त्याच भरात डोंबिवलीची खोली सोडून मुलुंडला वन आरके घेतला जातो, डिपॉझिट भरलं जातं, अकरा महिन्यांचा करार होतो. मग मे उजाडतो. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गावी जायचं भाडं हे सगळं वाचकाच्याही मानगुटीवर असतं. तो पहिली कात्री लावतो ती तुमच्या शंभर रुपयांना. त्याचं काही चुकत नाही. तुमचा आकडा मात्र १४,००० वर येतो आणि घरमालकाचा तोच राहतो.

उपाय कंटाळवाणा आहे. गेल्या बारा महिन्यांतला सगळ्यांत वाईट महिना शोधा आणि घरखर्च तेवढ्यात बसवा. वाचकांचे पैसे एका वेगळ्या खात्यात येऊ द्या आणि दर महिन्याच्या पाच तारखेला तिथून स्वतःला ठरलेला पगार करा, कमीही नाही आणि जास्तही नाही. वर उरेल ते त्याच खात्यात राहू दे, मे-जूनला कामाला येतं. वर्ष पूर्ण झालेलं नसेल, तर वाचकांच्या पैशावर भाडं ठरवूच नका. ते मानधनाच्या आणि अनुवादाच्या पैशांतून भागवा.

एकाच वाचकाकडून मोठी रक्कम येत असेल तर तीही हिशोबात धरू नका. महिन्याला पाच हजार देणारा एक वाचक गेला, तर शंभरवाले पन्नास मिळवायला वर्ष जातं. शिवाय एवढे पैसे देणारा माणूस कधीतरी विषय सुचवायला लागतो, आणि तेव्हा नाही म्हणणं जड जातं.

वाचक गेला असं समजणं, जेव्हा फक्त मँडेट फेल झालेलं असतं

एखाद्या महिन्यात अचानक पंधरा-वीस जण गळाले की लेखकाच्या मनात पहिला विचार येतो, मागचा लेख लोकांना पटला नाही. तसं असेलही. पण आधी पेमेंटची यादी उघडा. ज्याने स्वतःहून बंद केलं त्याच्यापुढे ‘कॅन्सल्ड’ असतं, ज्याचं पेमेंट अडकलं त्याच्यापुढे ‘फेल्ड’. या दोन गोष्टींवर औषध वेगळं आहे.

मँडेट म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायला वाचकाने बँकेला दिलेली परवानगी. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डांवर कडकपणे लागू झाले. मँडेटची रीतसर नोंदणी हवी, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायला हवी. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या कपातींना पुन्हा ओटीपी लागत नाही. पण परदेशी संकेतस्थळांवर भारतीय कार्डांचे मासिक हप्ते तेव्हापासून सर्रास अडकतात. वाचकाला हे कळतही नाही. त्याला वाटतं आपण देतोय, तुम्हाला वाटतं तो सोडून गेला. भारतातल्या वाचकांना म्हणून यूपीआय ऑटोपेचा पर्याय द्या. आणि पेमेंट फेल झालेल्याला सरळ निरोप पाठवा: “काका, या महिन्याचं पेमेंट बँकेने अडवलेलं दिसतंय. जमेल तेव्हा बघाल का?” यात मागण्यासारखं काही नाही. बहुतेक जण “अरे हो, कार्ड बदललं” म्हणून लगेच नवं जोडतात.

त्या २४ तास आधीच्या सूचनेचा आणखी एक परिणाम होतो, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. वाचकाच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो की उद्या अमुकच्या नावाने शंभर रुपये कापले जाणार. त्या क्षणी त्याला आठवतं की या माणसाने महिनाभर काही लिहिलेलंच नाही. तिथून रद्द करायचं बटण फार दूर नसतं. तेव्हा कपातीची तारीख पाच असेल तर तुमचा लेख दोन किंवा तीन तारखेला वाचकाच्या हातात असू दे. दहा तारखेचा लेख कितीही चांगला झाला तरी त्याला उशीर झालेला असतो.

ज्याने खरोखर थांबवलं त्याच्याशीही नीट वागा. “ताई, जूनपर्यंत जमणार नाही, दोघांच्या फिया आहेत” असा मेसेज आला तर “काही हरकत नाही, लेख येत राहतील” एवढं उत्तर पुरतं. असे वाचक परत येतात. कारण विचारत बसलात तर येत नाहीत.

शुल्क न मोजणं

बँकखात्यावरच्या थेट यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून शुल्क घेतलं जात नाही. पेमेंट गेटवे (रेझरपेसारखी सेवा) वापरलात की साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभरातले सव्वादोन-अडीच रुपये गेले. पेट्रिऑन नव्या लेखकांकडून १० टक्के घेतं, वर पेमेंटचं आणि चलन बदलण्याचं वेगळं. लहान डॉलर-रकमेत ठरावीक शुल्काचा वाटा फार मोठा होतो, त्यामुळे परदेशातल्या वाचकाला महिन्याला तीन डॉलरऐवजी वर्षाचे एकदम द्यायला सांगावं. फक्त वर्षाचे पैसे आले की ते बारा महिन्यांत वाटून खर्च करायचे असतात. जानेवारीत आलेली वार्षिक वर्गणी जानेवारीतच संपवणारे लेखक मला माहीत आहेत.

‘लोकांनी प्रेमाने दिलंय, त्यावर कसला कर?’

नियमित लेखनाच्या बदल्यात नियमित येणारा पैसा हे व्यवसायाचं उत्पन्न आहे. पानावर ‘देणगी’ लिहिल्याने ते करमुक्त होत नाही. निव्वळ भेट मानली तरी नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० च्या वर गेली की ती सगळीच करपात्र ठरते. आणि वाचकाने ८०जीची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी, पावती मागितली तर नम्रपणे नाही म्हणा, व्यक्तीला ती देता येत नाही.

कराचा बाऊ करण्यासारखं मात्र काही नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत नेहमीच्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्यावर येतो. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर विवरणपत्र भरावंच लागतं, आणि तुम्हाला ते भरायला हवंही आहे. गृहकर्जासाठी बँकेत गेलात की मॅनेजर शेवटच्या दोन-तीन वर्षांचे आयटीआर, म्हणजे हीच विवरणपत्रं, मागतो. वाचकांचं प्रेम त्याच्या फॉर्ममध्ये बसत नाही. शिवाय मासिकाने किंवा निर्मितीसंस्थेने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल, तर तो परत मिळवायचा मार्गही विवरणपत्रातूनच जातो. वाचक टीडीएस कापत नाहीत. त्यामुळे कर लागत असेल आणि टीडीएस वजा जाता तो १०,००० च्या वर जात असेल, तर आगाऊ कर तुम्हालाच १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला भरायचा असतो.

व्हिडिओ पाहून ‘४४एडीए लावा, निम्मं उत्पन्न खर्च म्हणून सुटतं’ असं सांगणारे खूप भेटतात. जुन्या १९६१ च्या आयकर कायद्यातलं हे कलम ठरावीक व्यवसायांसाठी आहे. चित्रपटाचे कथा, पटकथा, संवाद आणि गीतलेखक त्यात बसतात, लेख लिहिणाऱ्याचं नाव यादीत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडेही बदलले. एकदा सीएसमोर बसून आपलं लेखन कशात मोडतं ते ठरवून घ्या, तेवढी फी वसूल होते.

दोन गोष्टी पटकन. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला व्यवसाय कर म्हणजे पीटी लागू आहे, वर्षाला २,५०० रुपये. बहुतेक लेखकांना हे पहिली नोटीस आल्यावर कळतं. आणि जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा तुमच्या सगळ्या व्यावसायिक जमेवर मोजली जाते, वाचकांचे पैसे त्यातून वेगळे निघत नाहीत.

अमेरिकेतला वाचक आणि एफसीआरए

ही चूक कमी लोक करतात, पण केली तर जड जाते. विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० (एफसीआरए) नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार आणि संपादक यांना विदेशी योगदान घेता येत नाही. तुमचं एखाद्या दैनिकात सदर चालू असेल तर हा नियम तुमच्यासाठी आहे. न्यू जर्सीचा वाचक भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. तोच अमेरिकन नागरिक झाला, हाती ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) आलं, की धरलं जातं. दिलेल्या सेवेची किंमत म्हणून आलेले पैसे याच्या बाहेर आहेत. म्हणून परदेशी वाचकासाठी ‘टिप द्या’चं बटण ठेवू नका, वर्गणी ठेवा: काय मिळणार, किती दिवसांनी मिळणार, पावती. सदर चालू असेल तर जाणकाराला विचारूनच बटण चालू करा. एनआरओ किंवा एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँकखातं) असलेल्यांना अमेरिका, ब्रिटन, यूएई, सिंगापूर अशा देशांतल्या मोबाइल नंबरवरूनही यूपीआय वापरता येतं, ते सांगितलंत तर त्यांचं शुल्कही वाचेल.

भेटवस्तूंची आश्वासनं

शंभर रुपयांवर ई-पुस्तक, तीनशेवर सही केलेली प्रत, पाचशेवर मग, हजारावर गिरगावात खोताची वाडी फिरवून आणणं. यादी लिहिताना मजा येते. मग मगचं कुरिअर, फुटलेल्या मगचं दुसरं कुरिअर, आणि जुलैच्या पावसात आठ माणसं घेऊन फिरायची तारीख ठरवणं, यात लिहायचा आठवडा जातो. मी तर म्हणेन, लेखनाखेरीज काही कबूल करू नका. पुस्तकासाठी एकदाच पैसे जमवत असाल तर छपाईच्या खर्चात पॅकिंग, टपाल आणि परत आलेली पाकिटं आधीच धरा.

अनोळखी पैसा

क्यूआर कोड जाहीर ठेवला की कुणीही पैसे टाकू शकतं, चोरसुद्धा. नेहमीचा प्रकार असा: तुमच्या खात्यात पाच हजार येतात. दहा मिनिटांत फोन येतो, “दादा, चुकून आले, या दुसऱ्या नंबरवर परत करा ना, आईला दवाखान्यात न्यायचंय.” पाठवू नका. तो पैसा फसवणुकीतला असेल तर मूळ तक्रार तुमच्या खात्यापर्यंत पोचते, बँक रक्कम अडवते, कधी खातंच गोठवते. समोरच्याला त्याच्या बँकेतून तक्रार करायला सांगा, तुमच्या बँकेला लेखी कळवा, संशय असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा. वाचकांचे पैसे वेगळ्या खात्यात घेण्याचं दुसरं कारण हेच. ते खातं गोठलं तरी घरभाडं आणि लोकलचा पास अडकत नाही.

यूपीआय आयडीत मोबाइल नंबर ठेवू नका, अ‍ॅपमध्ये नावाचा आयडी बनवता येतो. टोपणनावाने लिहीत असाल तर हेही धरून चाला की पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं खरं नाव दिसतं. ते लपवायचंच असेल तर गेटवेचं पान वापरा, पण त्यावर कोणतं नाव उमटतं ते आधी मित्राकडून दहा रुपये मागवून तपासा.