ट्रान्सप्लांटनंतर फॉलोअपला निघताना

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाला ठाण्याहून खारघरच्या हॉस्पिटलात फॉलोअपसाठी न्यायचं, तर तयारी आदल्या रात्रीच करा. मास्क, फाईल, कपड्यांचा जादा जोड हे सांगायला नकोच. सांगायचं आहे ते एकच, आणि ते मी परत परत सांगणार: सायक्लोस्पोरिनचा (दात्याच्या पेशींना आवर घालणारं औषध) सकाळचा डोस घरी द्यायचा नाही. बाटली आणि सिरिंज सोबत घ्यायची. आधी रक्त, मग औषध.

या औषधाची रक्तातली लेव्हल बघतात ती डोसच्या अगदी आधीची, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी. औषध पोटात गेलं की दीड-दोन तासांत रक्तातलं प्रमाण वर चढतं. तेव्हा रक्त घेतलं तर आकडा भलताच मोठा येतो. त्यावर विसंबून डोस कमी झाला, तर दात्याच्या पेशी मुलाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात, तोच जीव्हीएचडी. आणि लेव्हल खरोखरच जास्त असली तर किडनीला मार. एवढं सगळं एका जांभळ्या बुचाच्या ट्यूबवर. आमच्या घरात घड्याळाच्या ठोक्याला औषध देणारी आजी आहे. आम्ही चपला घालेपर्यंत तिने डोस पाजलासुद्धा होता. ऐरोली, रबाळे, तुर्भे करत पोचलो, बाकीच्या तपासण्या झाल्या, लेव्हलसाठी पुन्हा हेलपाटा. आता बाटली रात्रीच पिशवीत जाते. (फ्रिजमध्ये कधीच नाही, गार झालं की ते द्रावण थिजतं.) तुमच्याकडेही पहाटे जे कोणी उठतं, त्याला झोपण्यापूर्वी सांगा. रात्रीचा डोस किती वाजता दिला ते फाईलवर लिहा.

नातेवाईक म्हणतील, रक्तातल्या पेशींचे काउंट आले ना, मग एवढं काय जपायचं? न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या वर यायला दोन ते चार आठवडे पुरतात. विषाणूंशी लढणाऱ्या टी पेशींना कित्येक महिने लागतात, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींचं काम नीट सुरू व्हायला वर्ष, कधी दोन. लहान मुलांची टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथी जोमात असते, म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. पण सायक्लोस्पोरिन चालू आहे तोवर नव्या टी पेशींचे हात बांधलेलेच. थॅलेसेमियात हे औषध ब्लड कॅन्सरपेक्षा सहसा जास्त महिने चालतं. मधल्या काळात खोकला झाला म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून काहीबाही आणून पाजू नका. क्लॅरिथ्रोमायसिनने लेव्हल चढते, फंगससाठीच्या व्होरिकोनॅझोलनेही, रिफाम्पिसिनने कोसळते. पपनस नको. ट्रान्सप्लांटच्या टीमला फोन करा, मग द्या.

लोकल नको, गाडीच करा आणि काचा वर ठेवा. घोडबंदर रोडला खोदकाम असतंच, आणि त्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, ते या मुलांच्या फुप्फुसांत घर करतात. डबा घरचा, ताजा शिजवलेला. फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ‘रक्त इरॅडिएट केलेलंच (किरणांची प्रक्रिया केलेलं) द्या’ असं लिहा, कारण अडीअडचणीला जवळच्या हॉस्पिटलात धावावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं नाही. थर्मामीटर सोबत. 100.4 फॅरनहाइट म्हणजे ताप, आणि फोन न करता पॅरासिटामॉल द्यायचं नाही, ताप झाकला जातो. तळहात, तळपाय लाल दिसले किंवा जुलाब लागले तर फोटो आणि तारीख ठेवा. पण पुढच्या फॉलोअपची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी कळवा.

हो, आणि सकाळचा डोस? पिशवीत. बघा एकदा उघडून.

घरात धाकटं भावंड असेल तर पल्स पोलिओच्या वेळी दारात येणाऱ्या ताईंना थांबवून सांगा, थेंब नकोत. त्यातला जिवंत विषाणू शीवाटे काही आठवडे बाहेर पडतो. इंजेक्शनच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. गोवर-रुबेलाची लस मात्र भावंडांना द्याच.

पुढचं थोडक्यात. कोट्रायमोक्साझोल कंटाळा आला म्हणून बंद करू नका, ते न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून आहे. ट्रान्सप्लांटच्या आधी मुलाला दिलेल्या लसी धरायच्या नाहीत. सहा महिने ते वर्षभरात पहिल्यापासून सुरुवात होते, आणि जिवंत जंतूंच्या लसी दोन वर्षांच्या आत नाहीत, तेही औषधं सुटल्यावर. शाळेचं डॉक्टरच सांगतील. पावत्या, पाण्याची बाटली, चार्जर वगैरे तुमचं तुम्हाला सुचेल.