बोलावणं ओळखायचं कसं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बायबल-अभ्यासाला तरुण मुलं येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "मावशी, देवानं मला त्याच्या सेवेला बोलावलंय हे कळायचं कसं?"

आधी इफिसकरांस पत्र, अध्याय 2, वचनं 8 ते 10 मोठ्यानं वाचा. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं होतं, ते देवाचं दान आहे. सत्कृत्यं त्यामागून येतात. हा क्रम उलटला की सेवेचं ओझं होतं. म्हणून "मी लायक आहे का?" हा प्रश्न बाजूला ठेवा. येशूनं मत्तयाला शिष्य व्हायला बोलावलं तेव्हा तो जकातीच्या नाक्यावरच बसलेला होता, आणि जकातदारांना तर लोक पापी समजत.

मग 1 शमुवेल, अध्याय 3. बाळ शमुवेल हाक ऐकून तीनदा एली याजकाकडे धावला, आणि तिसऱ्यांदा ती हाक देवाची आहे हे एलीला उमगलं. तुम्हीही एकट्यानं ठरवू नका. चर्चच्या पाळकांना विचारा, आजीला विचारा. तुमचे दोष ठाऊक असलेलं माणूस मात्र हवं. मुलं नेमकी हीच पायरी टाळतात, आणि मला त्याची फार काळजी वाटते.

नोकरी सोडायची घाई नको. बोलावलं गेलं त्या स्थितीत राहावं, असं प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो. सयाजी रुग्णालयातली रात्रपाळी हीसुद्धा सेवेची जागा आहे.

प्रार्थनेत वारंवार मनात येणारं वचन तारखेसह वहीत लिहा. भीती वाटली तर तीही लिहा. यिर्मया संदेष्ट्यानंही बोलावणं आल्यावर देवाला सांगितलंच होतं, मला बोलता येत नाही, मी लहान आहे.