‘फॉर ग्रँटेड’ वाक्यात बसवताना

‘टेक फॉर ग्रँटेड’ म्हणजे गृहीत धरणे, हे कुणाला शिकवावं लागत नाही. ‘ती मला फॉर ग्रँटेड घेते’ हे इंग्रजीत अडखळणारा माणूसही सहज बोलून जातो. गोची तिथेच आहे. अर्थ आधीच ठाऊक असला की वाक्प्रचार कुणी तपासून बघत नाही, आणि परीक्षेत किंवा ऑफिसच्या मेलमध्ये नेमका तोच दगा देतो.

आधी सांगाडा उरकून घेऊ. ‘टेक’ आणि ‘फॉर ग्रँटेड’ यांच्यामध्ये एक रिकामी जागा असते, कर्म तिथे बसतं: ‘शी टेक्स हर ब्रदर फॉर ग्रँटेड.’ ‘शी टेक्स फॉर ग्रँटेड हर ब्रदर’ हे चूक. कर्म फारच लांबलचक असेल तर छापील इंग्रजीत ते शेवटी ढकललेलं दिसतं, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. ‘डोन्ट टेक मी ग्रँटेड’ हेही चूकच. आपण बोलताना ‘मला ग्रँटेड घेऊ नकोस’ म्हणतो, म्हणून ‘फॉर’ गळतो. काळ बदलला की फक्त ‘टेक’ बदलतं: टेक्स, टुक, टेकन, टेकिंग. ‘ग्रँटेड’ आहे तसंच राहतं. वर्तमानकाळ आला म्हणून त्याचं ‘ग्रँट’ करायचा मोह होतो, तो आवरा.

पुढे ‘दॅट’ येणार असेल तर मधल्या जागेत ‘इट’ लागतो: ‘आय टुक इट फॉर ग्रँटेड दॅट द लायब्ररी वुड बी ओपन.’ हा ‘इट’ म्हणजे जागा धरायला टाकलेला रुमाल. खरा मालक मागून येतो, तो म्हणजे ‘दॅट’नंतरचं अख्खं वाक्य. ‘इट’ गाळलेली वाक्यंही वाचनात येतील. तुम्ही मात्र ठेवा, ठेवल्याने वाक्य कधी चुकत नाही.

आता खरा खड्डा. व्याकरण तोंडपाठ असलेलेही यात पडतात.

मराठीतलं ‘गृहीत धरणे’ बरीच कामं करतं. गणितात आपण ‘क्षची किंमत 5 गृहीत धरू’ म्हणतो. हे मुद्दाम, हिशेबापुरतं मानणं झालं. इंग्रजीत तिथे ‘लेट’, ‘सपोज’ किंवा ‘अझ्यूम’ येतं. ‘टेक फॉर ग्रँटेड’ तिथे चालत नाही, कारण त्यात मुद्दाम काही नसतंच; न तपासता, विचार न करता मानलेलं असतं. दुसरं काम आपुलकीचं: ‘तुम्हाला गृहीत धरूनच पाच तिकिटं काढलीत.’ ऐकणारा खूश होतो, आपल्याला धरलंय म्हणून. हेच ‘वी टुक यू फॉर ग्रँटेड अँड बॉट फाइव्ह टिकेट्स’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही त्याला काडीचीही किंमत दिली नाही, आणि वर ते लेखी कळवताय. इथे हवं ‘वी काउंटेड यू इन’. तिसरं काम म्हणजे ‘घरचे तिला गृहीत धरतात’. जोडी जुळते ती इथे.

म्हणून मधल्या जागेत काय ठेवताय ते बघा. माणूस, त्याचे कष्ट, त्याची मदत ठेवलीत तर वाक्यात दोषारोप आला: किंमत नाही, कदर नाही. ‘इट’ आणि पुढे ‘दॅट’ ठेवलंत तर दोषारोप नसतो, फक्त न तपासलेला समज असतो. आणि ‘सक्सेस कॅनॉट बी टेकन फॉर ग्रँटेड’ यात कुणाची कदर नाही की दोष नाही. यश मिळेलच असं धरून चालता येणार नाही, एवढंच.

मेलमध्ये याचा फटका बसतो. ‘आय टुक युअर परमिशन फॉर ग्रँटेड’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की तुमची हरकत नसेल असं वाटलं. वाचणारे साहेब वाचतात की माझ्या परवानगीला हा मोजतच नाही. ‘आय अझ्यूम्ड दॅट यू वुड ॲग्री’ लिहा, विषय संपला. ‘आय टुक यू फॉर ग्रँटेड दॅट यू वुड कम’ हे तर दोन सांगाडे एकमेकांत अडकवलेलं वाक्य. एक तर ‘इट’ आणि ‘दॅट’, नाही तर माणूस. दोन्ही नाही.

हे चुकतं म्हणून स्वतःला मठ्ठ समजू नका. मराठी शब्दाचा पसाराच मोठा आहे, इंग्रजी वाक्प्रचार त्याच्या एका कोपऱ्यात मावतो. मुळात ‘ग्रँट’ म्हणजे मान्य करणे, ‘ग्रँटेड’ म्हणजे मान्य झालेलं, ज्यावर आता वाद नाही. तो अर्थ अजून जिवंत आहे: ‘ग्रँटेड, इट इज एक्सपेन्सिव्ह, बट इट लास्ट्स.’ मान्य, महाग आहे, पण टिकतं. वाक्प्रचार अडला की हे ‘मान्य’ आठवा.

‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नात वेगळीच गंमत होते. ‘वी टेक अवर पेरेंट्स फॉर ग्रँटेड’ हे व्याकरणाने बरोबर आहे, पण अर्थ कळल्याचा पुरावा त्यात नाही. वाक्प्रचार काढून ‘लव्ह’ घालून बघा: ‘वी लव्ह अवर पेरेंट्स’. वाक्य तसंच उभं राहतं, म्हणजे ते पोकळ आहे. आता हे बघा: ‘वी टेक इलेक्ट्रिसिटी फॉर ग्रँटेड अंटिल द लाइट्स गो आउट.’ दिवे जाईपर्यंत विजेची किंमत कळत नाही. इथे ‘लव्ह’ घातलं तर वाक्याचं हसं होतं. ‘अंटिल’, ‘बट’ किंवा ‘बिकॉज’ने जोडलेला दुसरा तुकडा ही पोकळी भरतो.

पाचशे वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करायला लावणाऱ्यांचं ऐकू नका, मग ते कितीही मोठे सर असोत. यादीत समोर एकच मराठी अर्थ असतो आणि घात तोच करतो. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कुठलाही. तिथे मधली रिकामी जागा ‘समबडी’, ‘समथिंग’ अशी दाखवलेली असते. मग एका वाक्प्रचाराची सहा वाक्यं वहीत लिहा: साधा वर्तमान, भूतकाळ, ‘टेकिंग’चं एक, ‘इट’ आणि ‘दॅट’चं एक, कर्मणी एक, आणि ‘शी फील्स टेकन फॉर ग्रँटेड’ या घाटाचं एक. अर्धा तास जातो. कंटाळा येतो, येऊ द्या.

उच्चाराचं थोडक्यात. ब्रिटिश माणूस ‘ग्रांटिड’च्या जवळपास म्हणतो, अमेरिकन बोलण्यात ‘न’नंतरचा ‘ट’ बऱ्याचदा गिळला जातो आणि ‘ग्रॅनिड’सारखं ऐकू येतं. त्यामुळे जन्मापासून इंग्रजी बोलणारेही कधीकधी ‘टेक फॉर ग्रॅनिट’ असं लिहून बसतात, म्हणजे चक्क ग्रॅनाइटचा दगड. कानावर विसंबून स्पेलिंग लिहू नका, शेवटी ‘ईडी’ आहे.