खासगी विद्यापीठाचे आकडे वाचताना या चुका टाळा: प्रवेश, पटसंख्या आणि पदव्या

बारावीचा निकाल जवळ आला की खासगी विद्यापीठांच्या जाहिराती सुरू होतात. ९२% प्लेसमेंट, अमुक लाखांचं सर्वोच्च पॅकेज, तमुक हजार पदव्या प्रदान, जागा भरत आल्या. या आकड्यांवर विसंबून घरं कर्ज काढतात, शेत गहाण ठेवतात. जाहिरातीतला आकडा अगदी खोटाच असतो असं नाही. बहुतेक वेळा तो खरा असतो, पण कुणापैकी किती हे त्यात सांगितलेलं नसतं. माझं म्हणणं इतकंच आहे की टक्केवारी दिसली की तिचा छेद शोधा. तो शोधायची सोय आहे आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ही क्रमवारी २०१६ पासून दर वर्षी निघते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत 'एनआयआरएफ' असं लिहिलेलं सापडेल. तिथली पीडीएफ उघडा. मंजूर जागा, प्रत्यक्ष विद्यार्थीसंख्या, फी-सवलत मिळालेले, पदवी घेतलेले, नोकरी लागलेले, पीएचडी झालेले असे सगळे तक्ते त्यात असतात. माहितीपत्रकाच्या चाळीस चकचकीत पानांपेक्षा ही रुक्ष पीडीएफ जास्त बोलते.

पहिली गफलत इथेच होते. एकाच विद्यापीठाच्या अशा अनेक पीडीएफ असतात, कारण सर्वसाधारण, अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा गटांसाठी वेगळी माहिती भरलेली असते. मुलीला बीटेक करायचंय आणि आपण वाचतोय सर्वसाधारण गटाची पीडीएफ, तर चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात डिझाइनपासून इतर सगळे अभ्यासक्रम एकत्र मोजलेले दिसतील. संस्थेच्या नावाशेजारच्या संकेतांकात 'आयआर'नंतरचं अक्षर बघा. 'ई' म्हणजे अभियांत्रिकी, 'एम' म्हणजे व्यवस्थापन, 'ओ' म्हणजे सर्वसाधारण.

एकाच ओळीतून चार टक्केवाऱ्या

प्लेसमेंटचा तक्ता नीट बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. त्यातल्या एका ओळीत एका तुकडीचा प्रवास मांडलेला असतो. समजावण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पहिल्या वर्षाच्या मंजूर जागा ६००. प्रत्यक्ष प्रवेश ४२०. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले ६०. ठरलेल्या मुदतीत पदवी मिळालेले ३५०. नोकरी लागलेले १९०. त्यांचा मीडियन पगार वर्षाला साडेचार लाख. पुढच्या शिक्षणाला गेलेले ६०.

आता टक्केवारी काढा. पदवी घेतलेल्या ३५० पैकी १९० म्हणजे ५४%. पुढे शिकायला गेलेले ६० वगळले तर उरलेल्या २९० पैकी १९०, म्हणजे ६६%. तुकडीत आलेल्या एकूण ४८० मुलांपैकी १९० म्हणजे ४०%. आणि प्लेसमेंट विभागाने 'पात्र आणि नोंदणी केलेले' फक्त २०६ धरले तर तेच १९० होतात ९२%. चारही गणितं बरोबर आहेत. फलकावर शेवटचं लागतं.

पात्र म्हणजे कोण, हे विचारायचं राहून जातं. साधारणपणे एकही विषय मागे न राहिलेले, विशिष्ट सीजीपीए (सगळ्या सत्रांच्या गुणांची सरासरी) असलेले, प्लेसमेंटसाठी नाव दिलेले. म्हणजे जी मुलं अडखळली ती आधीच मोजणीबाहेर गेली. आपलं मूल कोणत्या गटात असेल हे प्रवेश घेताना कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे पालकासाठी खरा छेद एकच: तुकडीत आलेली सगळी मुलं.

पगाराचंही तसंच. मीडियन म्हणजे सगळ्या पगारांची चढती रांग लावली की मधोमध येणारा पगार. सर्वोच्च पॅकेजपेक्षा तो कितीतरी प्रामाणिक. पण तो फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. वरच्या उदाहरणात साडेचार लाखांहून जास्त मिळवणारी मुलं फार तर ९५, आणि तुकडीत आली होती ४८०. 'सरासरी पॅकेज' लिहिलं असेल तर आणखी जपून, कारण दोन-तीन मोठे पगार सरासरीला पुष्कळ वर ओढतात.

निकालाच्या टक्केवारीलाही हाच नियम लावा. ३७५ जण शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसले आणि ३५० पास झाले तर निकाल ९३% लागला. पण आले होते ४८०. मध्ये गळालेले किंवा मागे पडलेले १०५ जण त्या ९३ टक्क्यांत कुठेच नाहीत. एनआयआरएफचा 'ठरलेल्या मुदतीत पदवी' हा रकाना म्हणूनच मोलाचा आहे.

एकच ओळ वाचून मत बनवू नका. तक्त्यात तीन तुकड्या असतात, तिन्ही बघा. २०२३-२४ ला चार वर्षांची पदवी घेतलेली मुलं २०२०-२१ च्या कोरोनाकाळात आत आली होती. त्या वर्षी सगळीकडेच प्रवेश लांबले होते, त्यामुळे ती ओळ इतरांपेक्षा वेगळी दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नये.

जागा, अर्ज, प्रवेश, पट: चारही वेगळे

'एका जागेमागे इतके अर्ज' हा आकडा ऐकून घाई करू नका. अर्ज म्हणजे प्रवेश नाही. एकच मुलगा पाच-सहा खासगी विद्यापीठांत अर्ज भरतो, शिवाय राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांतही असतो. त्याचा अर्ज सगळीकडे मोजला जातो, तो बसतो मात्र एकाच वर्गात.

प्रवेशाचा आकडा कोणत्या तारखेचा, हेही महत्त्वाचं. मे-जूनमध्ये पुष्कळ घरं हातचं म्हणून खासगी विद्यापीठात पैसे भरून ठेवतात. मग कॅपमध्ये सीओईपी किंवा व्हीजेटीआयसारखी नावाजलेली अभियांत्रिकी संस्था लागली की रद्द करतात. जूनमध्ये 'फुल्ल' असलेल्या शाखेत ऑक्टोबरला रिकामे बाक दिसतात ते यामुळे. 'आजच भरा, दोनच जागा उरल्यात' असा फोन आला तर प्रवेश रद्द केल्यास पैसे परत मिळण्याचे नियम आधी वाचा. २०२४-२५ साठी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून फी परत, असं सांगितलं होतं. तारखा वर्षागणिक बदलतात, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावरून काढून जवळ ठेवा. आणि मूळ दाखले देऊन बसू नका. पडताळणी झाली की ते विद्यार्थ्याला परत द्यायचे असतात.

पटसंख्येच्या तक्त्यात हमखास होणारी चूक अशी: मंजूर जागा प्रत्येक वर्षाच्या वेगळ्या लिहिलेल्या असतात, प्रत्यक्ष विद्यार्थीसंख्या मात्र सगळ्या वर्षांची मिळून एकच. २,४०० विद्यार्थ्यांना एका वर्षाच्या ६०० जागांशी ताडून 'चौपट गर्दी' असं म्हणू नका. चारही वर्षांच्या जागांची बेरीज करून मग तुलना करा. विद्यापीठ झपाट्याने जागा वाढवत असेल तर एकूण पट फुगलेला दिसतो आणि वरच्या वर्गांतली गळती त्यात झाकली जाते. मंजूर जागांची ओळ आडवी वाचलीत की ही वाढ लगेच कळते. २४० वरून थेट ९०० झालेल्या दिसल्या तर त्या प्रमाणात प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि वसतिगृह वाढलं का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा.

फीचा तक्ता कुणी वाचत नाही, आणि तिथेच घर अडचणीत येतं

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण मराठवाड्या-विदर्भातून पुण्या-मुंबईकडे येणाऱ्या घरांना याचा फटका फार बसतो. शेजारच्या मुलाला अभियांत्रिकीला अर्धी फी माफ झाली, मग आपल्यालाही होईल, असं धरून लोक खासगी विद्यापीठात प्रवेश घेतात. शेजारचा मुलगा कॅपमधून विनाअनुदानित महाविद्यालयात गेलेला असतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना तिथे चालते. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींसाठी २०२४-२५ पासून आलेली व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफीही तशीच. ती कॅपमधून आलेल्या मुलींसाठी आहे, व्यवस्थापन कोट्यासाठी नाही आणि या विद्यापीठांसाठीही नाही.

एनआयआरएफच्या पटसंख्येच्या तक्त्यात उजवीकडचे रकाने बघा. आर्थिक-सामाजिक दुर्बल विद्यार्थी किती, त्यांच्यापैकी पूर्ण शिक्षणशुल्क सरकारकडून मिळालेले किती, संस्थेच्या पैशातून किती, खासगी देणगीदारांकडून किती आणि पूर्ण शुल्क न मिळालेले किती. माहितीपत्रकात '१००% पर्यंत शिष्यवृत्ती' लिहिलंय आणि संस्थेच्या रकान्यात हजारो विद्यार्थ्यांमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नावं असतील, तर ती शिष्यवृत्ती धरून हिशेब मांडू नका. अर्थात तिथे फक्त पूर्ण फी मिळालेले मोजले जातात, अर्धी सवलत मिळालेले दिसत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी टिकते का, किती सीजीपीए लागतो आणि मागच्या तुकडीतल्या किती जणांची टिकली, हे लेखी विचारा.

पदव्या आणि पीएचडी

पदवीदान समारंभाचा आकडा मोठा असतो, पण त्यात पदवी, पदव्युत्तर, पदविका आणि असतील तर ऑनलाइन अभ्यासक्रमही एकत्र येतात, कधी दोन तुकड्याही. त्यावरून आपल्या शाखेचं काही कळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एका वर्षाने प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं, तेव्हा 'पात्रता प्राप्त विद्यार्थी' असा शब्दप्रयोग असेल तर पूर्ण पदवी किती जणांना मिळाली, हे वेगळं विचारा. यूजीसीच्या २००८ च्या नियमानुसार विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यायची असते. 'समारंभ झाला की मिळेल' हे उत्तर वर्षभर पुरत नाही.

पीएचडीचे आकडे पुष्कळ म्हणजे विद्यापीठ मोठं, असा समज सोडून द्या. एका वेळी प्राध्यापकाला जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. पीडीएफमधला पीएचडीचा आकडा संकेतस्थळावरच्या मार्गदर्शकांच्या यादीशी ताडून बघा. मेळ बसला नाही तर सावध व्हा. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या ओपीजेएस, सनराइज आणि सिंघानिया या तीन खासगी विद्यापीठांना पीएचडीचे नियम न पाळल्यामुळे पाच वर्षं नवे पीएचडी प्रवेश द्यायला मनाई केली. अशा ठिकाणी भाबडेपणाने गेलेल्या संशोधकाची वर्षं वाया जातात, आणि ती कुणी परत देत नाही.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

पदवी घेतलेले पहिल्या वर्षाच्या प्रवेशांपेक्षा जास्त दिसले तर आधी थेट दुसऱ्या वर्षाचा रकाना बघा, बहुधा फरक तिथेच असतो. नोकरी आणि पुढचं शिक्षण यांची बेरीज पदवी घेतलेल्यांइतकी तंतोतंत येत असेल, आणि तीही तीन वर्षं सलग, तर शंका घ्या. एवढ्या मोठ्या तुकडीत एकही मूल स्पर्धा परीक्षेची तयारी करत नाही, घरच्या धंद्यात जात नाही किंवा नोकरी शोधत नाही, असं क्वचितच घडतं.

ही माहिती संस्थाच भरते, हेही ध्यानात असू द्या. मोठ्या नावाला भुलू नये यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं उदाहरण पुरेसं आहे. २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने 'यूएस न्यूज'च्या क्रमवारीसाठी दिलेले आकडे सार्वजनिक माहितीशी ताडून दाखवले आणि ते जुळत नव्हते. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग सुमारे ८३% असल्याचा दावा होता, सुधारित आकडा निघाला ५७%. दुसऱ्या क्रमांकावरचं विद्यापीठ अठराव्यावर गेलं. त्यांनी एका दाव्याशेजारी दुसरा कागद ठेवला, एवढंच. आपणही एनआयआरएफच्या पीडीएफशेजारी नॅकला (संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेला) दिलेला वार्षिक अहवाल ठेवून एकाच वर्षाचे विद्यार्थी आणि निकाल जुळतात का बघू शकतो.

संकेतस्थळावर काहीच सापडत नसेल तर तीही माहितीच आहे. २०२५ मध्ये यूजीसीने आवश्यक माहिती सादर न करणाऱ्या आणि संकेतस्थळावर जाहीर न करणाऱ्या ५४ राज्य खासगी विद्यापीठांची यादी काढली होती. आपलं विद्यापीठ अशा यादीत आहे का, हे पाच मिनिटांत कळतं.

शेवटी प्रवेश विभागाला एक ईमेल पाठवा, फोन नको. त्यात एवढंच विचारा: 'या शाखेच्या मागच्या तुकडीत पहिल्या आणि थेट दुसऱ्या वर्षाला मिळून किती विद्यार्थी आले, त्यातल्या किती जणांना मुदतीत पदवी मिळाली, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती?' चार आकडे, एका शाखेचे. ते विद्यापीठाकडे तयार असतात. आठवडाभरात उत्तर आलं नाही, किंवा आकड्यांऐवजी समुपदेशकाचा फोन आला, तर पैसे भरायची घाई करू नका.